अठराशे दहा

कार्ड जाड होतं, महागड्या साबणाच्या वेष्टनासारखं, आणि त्याच्या चारही कडांना सोनेरी रेघ होती, जी उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात जरा रुंद झाली होती — छापताना कागद सरकला असणार — आणि गेले तीन आठवडे चहाच्या डब्याला टेकून उभ्या असलेल्या त्या कार्डाकडे बघताना दर वेळी त्याची नजर मजकुरावर न थांबता त्या कोपऱ्यात जाऊन अडकत होती. अर्धा मिलिमीटर. थोडा जास्तच. मजकूर त्याला पाठ होता. 'आपल्या सहकाऱ्यांनी आपल्या सन्मानार्थ आमच्या रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागास एक वजनकाटा भेट दिला आहे. आपण सवडीने येऊन तो पाहावा, ही विनंती.' खाली विश्वस्तांची सही, सहीवर गोल शिक्का... शिक्का मात्र सरळ उमटला होता.

"कोपरा बघून झाला असेल तर चहा घ्या," बायको म्हणाली. "निवला."

ती बाहेर जायच्या कपड्यांत होती. पायांत चपला तेवढ्या नव्हत्या. बाकी खांद्याला पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, चष्म्याची डबी — म्हणजे ठरलेलं होतं. कुठे, हे त्यानं विचारलं नाही. या तीन आठवड्यांत एकदा त्याची पाठ धरली होती, एकदा न्हाणीघरातला नळ गळायला लागला होता, आणि एकदा तर 'आज सोमवार, सोमवारी तिथं गर्दी असते' असं तो म्हणाला होता, तेव्हा ती नुसतीच म्हणाली होती, 'आज मंगळवार आहे.'

"अकरा ते एक बघायला सोडतात," ती म्हणाली. "मी फोन करून विचारलंय."

"अगं, एक काटा तो. त्यात काय बघायचं?"

"जन्मभर दुसरं काय बघितलंत तुम्ही?"

खरं होतं. छत्तीस वर्षं. वजनमापे निरीक्षक. दुकानं, गोदामं, लाकडाच्या वखारी, सोनारांकडचे काचेच्या पेटीतले ते नाजूक काटे, ज्यांच्यासमोर श्वासही बेतानं सोडावा लागतो; हातात लाकडी पेटी, पेटीत मखमलीच्या खळग्यांत बसवलेली पितळी वजनं, ओळीनं, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत, एखाद्या घरातल्या भावंडांसारखी. पेटी जमा केली त्याला आता सात आठवडे झाले, तरी उजवा खांदा अजून किंचित खाली झुकलेलाच राहायचा, आणि रस्त्यानं चालताना लोकांना वाटायचं, की या माणसाला काहीतरी दुखतंय. ऑफिसात त्याला 'काटेकोर' म्हणायचे. आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि शेवटी निरोपाच्या भाषणात साहेबांनीसुद्धा: 'आपले काटेकोर! या गृहस्थांनी छत्तीस वर्षांत एकही सही न तपासता केली नाही.' टाळ्या. तो समोरच्या बिस्किटांच्या बशीकडे बघत राहिला होता. त्या क्षणी कुणी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं असतं, तर... पण निरोपसमारंभात ज्याला निरोप द्यायचा त्याच्याकडे कुणीच नीट बघत नाही.

चहा खरंच निवला होता. त्यानं तो तसाच घेतला.

फोन वाजला. 'अर्धा किलो'चा. उंचीवरून पडलेलं नाव. वीस वर्षं त्याच्या हाताखाली काम केलेला, मनानं चांगला, आवाजानं दुप्पट.

"साहेब, बघून आलात का?"

"आज निघालोय."

"वा! वहिनींना पण न्या. साहेब, आयडिया माझी, बरं का. बाकीचे घड्याळ म्हणत होते. मी म्हटलं, साहेबांना काय घड्याळ देता? त्यांचं कायमचं एकच, मला काही नको. मग ही योजना कळली, कुणाच्या तरी सन्मानार्थ हॉस्पिटलला काहीतरी द्यायचं. मी यादी मागवली. चादरी, व्हीलचेअर, पाण्याचा कूलर... आणि खाली बघतो तर काय? वजनकाटा! तोही बाळांचा! मी म्हटलं, हे तर साहेबांसाठीच लिहून ठेवलंय."

"चांगलं केलंस," तो म्हणाला.

"तुम्हाला आवडलं ना पण?"

"आवडलं रे."

आणि फोन ठेवल्यावर त्याला वाटलं — घड्याळ हवं होतं मला. साधं, पांढऱ्या तबकडीचं, सेकंदकाटा असलेलं. मनगटावर बांधून कुणाला न सांगता बघत बसलो असतो. पण मी जन्मभर 'नको' म्हणत आलो आणि शेवटी लोकांनी ते ऐकलं, यात त्यांचा काय दोष? आणि अर्धा किलोला कुठून ठाऊक असणार, की त्या एवढ्या लांबलचक यादीतली एकच वस्तू अशी होती, जी माझ्या नावानं तिथं जायला नको होती... चादरी चालल्या असत्या. कूलर चालला असता.

रुग्णालय दोन थांब्यांवर होतं. बसमध्ये बायको खिडकीशी बसली आणि तो तिच्या शेजारी, मांडीवर रिकामे हात ठेवून. रस्त्याकडेच्या दुकानांतून काटे लकाकत जात होते. एका फळवाल्याचा काटा फळीवर तिरका ठेवलेला दिसला, त्याचे हात शिवशिवले, आणि मग लगेच ती शिवशिव मावळली. आता मी कोण? कुणी नाही. ही दमणूक कसली होती ते त्याला कळत नव्हतं. काम सुटलं की माणसाला हलकं वाटतं म्हणतात. त्याला उलट वाटत होतं, की इतकी वर्षं कामाची धावपळ कशाच्या तरी आड उभी होती, आणि ती बाजूला झाल्यावर मागचं ते सगळं तसंच, धूळसुद्धा न बसता...

तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. वर्षअखेर. याच रुग्णालयात तीन काटे होते: एक स्वयंपाकघरात, एक औषधांच्या खोलीत, एक वर, नवजात विभागात. खालचे दोन त्यानं तपासले. औषधांचा काटा पाव ग्रॅमनं खोटा निघाला, तो समोर बसून दुरुस्त करून घेतला, आणि त्याचा त्याला अभिमानही वाटला. मग पेटी घेऊन जिना चढला, तर दारात सिस्टर उभी. 'आत बायका बाळांना पाजतायत. तासाभरानं या.' तास! त्या दिवशीची अकरा दुकानं अजून व्हायची होती. त्याची चुळबुळ बघून तीच हसून म्हणाली, 'अहो, दवाखान्यात कोण कुणाला मापात मारतंय?' तोही हसला. खाली आला. लोकवर्गणीतून उभं राहिलेलं रुग्णालय, नफा नाही, तोटा नाही, कारकुनानं आपल्या डब्यातली दोन बिस्किटं पुढे केली, आणि त्यानं उभ्याउभ्याच लिहिलं. काटे तीन. तपासले तीन. बरोबर. सही.

एवढंच. एका सहीला कितीसा वेळ लागतो?

आठ महिन्यांनी त्याची मुलगी त्या विभागात होती.

"उतरायचं ना?" बायको म्हणाली. बस कधीची थांबली होती.

इमारत वाढली होती. पुढच्या बाजूला काच, आत नवीन फरशी, पण जिन्याच्या कठड्याची गुळगुळीत लाकडी मूठ तीच होती, आणि तिच्यावर हात पडताच त्याच्या तळहाताला ती ओळखीची वाटली. बायको सरळ देणगीच्या खिडकीकडे गेली. खिडकीवरच्या बाईंनी कार्ड पाहिलं, चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि त्या एकदम उठून उभ्या राहिल्या.

"अगंबाई, तुम्हीच का ते! या ना. फार कमी लोक बघायला येतात हो. देणारे येतात, पण ज्यांच्या नावानं दिलं ते येत नाहीत. संकोच वाटतो बहुतेक."

"यांना पण वाटत होता," बायको म्हणाली. "मी ओढून आणलं."

बाई पुढे आणि ते दोघं मागे, असे वरच्या मजल्यावरच्या लांब बोळातून निघाले. दोन्ही भिंतींवर पाट्या. लहान, हातभरही नाहीत, दाटीवाटीनं. 'आमच्या गणिताच्या बाईंच्या सन्मानार्थ — एकत्र नापास झालेले सातजण.' 'वडिलांच्या पंचाहत्तरीनिमित्त, ते अजून ऐकत नाहीत — मुलं.' 'शेजारच्या काकूंसाठी. का, ते त्यांना माहीत आहे.' बायको थांबून थांबून वाचत होती, मध्येच हसत होती, आणि तो तिच्या मागे उभा राहून विचार करत होता, की या सगळ्या माणसांनी कुणाला तरी पूर्ण ओळखल्यासारखं हे लिहिलंय... आणि त्या गणिताच्या बाई? त्यांच्याही कुठल्याशा पेपरात एखादा आकडा न तपासता मांडलेला असेलच की. की नसेल? असा मीच एकटा?

बोळाच्या टोकाला काचेचं दार होतं. तेव्हा इथं पूर्ण भिंतभर काच होती, आणि पुरुषांनी काचेच्या अलीकडेच उभं राहायचं असा नियम होता. चौतीस दिवस तो उभा राहिला. आली तेव्हा चौदाशे वीस ग्रॅम होती ती. त्याच्या पेटीतलं एक किलोचं वजन, त्यावर दोन दोनशेची आणि एक वीसचं, बस्स, एवढी मुलगी. रोज सकाळी सिस्टर तिला उघडी करून पांढऱ्या एनॅमलच्या पारड्यात ठेवायची, दांडीवरचं सरकतं वजन बोटानं पुढे ढकलायची, आणि तो काचेबाहेरून, ओठ घट्ट मिटून, ती दांडी स्थिर व्हायची वाट बघायचा. हातात पेटी असायची. कामावरूनच यायचा ना. पेटीत पितळी वजनं असायची, काच ओलांडली की दहा पावलांवर काटा, दोन मिनिटांचं काम... 'सिस्टर, जरा एकदा तपासू का?' एवढंच वाक्य. पण मग ती म्हणाली असती, गेल्या वर्षअखेरीला तपासलात ना तुम्हीच? तो रोज ते वाक्य जिन्यावर जुळवायचा आणि काचेपाशी येऊन गिळायचा. काटा बरोबरच असेल. शंभरातले नव्वद बरोबर असतात. आणि अठराशे झाले की घरी सोडायचं असं डॉक्टर म्हणाले होते, आणि एका गुरुवारी ती दांडी थांबली आणि सिस्टरनं काचेतून त्याला बोटांनी खूण केली. बायको आतून हसत होती. अठराशे दहा.

नऊ दिवस ती घरी होती. दहाव्या सकाळी गार लागली.

असली मुलं अशी जातात, डॉक्टर म्हणाले. कधी कधी कारण सापडत नाही. तिचं नाव ठेवायचंसुद्धा राहून गेलं होतं. पुढच्या वर्षी तपासणीची वेळ आली, तेव्हा त्यानं हा भाग दुसऱ्या निरीक्षकाला देऊन टाकला, आणि त्यानंतर दोन वर्षांनी कळलं, की तो जुना काटा भंगारात गेला. म्हणजे संपलं. आता तो खरा होता की खोटा, आणि खोटा तर किती, पाच ग्रॅम की पन्नास, इकडे की तिकडे, हे जगात कुणालाही कधीही कळणार नव्हतं. आणि त्या दिवशी मला काय वाटलं, तर सुटलो. हे मी कुणाला सांगू?

"चपला इथं काढा, हात इथं धुवा," देणगीच्या बाई म्हणाल्या. "हल्ली पुरुषांनाही आत सोडतात."

आतली सिस्टर तरुण होती आणि घाईत होती, पण बाईंनी कानात काही सांगितल्यावर तिचा चेहरा उजळला. "हाच तो, काका. बघा." खिडकीखाली, रुंद टेबलावर, फिकट निळं पारडं असलेला इलेक्ट्रॉनिक काटा. पुढच्या कडेला पितळी पट्टी. तिच्यावर त्याचं नाव, वडिलांच्या नावासकट, पूर्ण, आणि खाली: 'अचूक माणसाच्या सन्मानार्थ — सहकारी.' बायकोनं पट्टीवरून बोट फिरवलं. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "छान लिहिलंय."

"काका, तुम्ही त्यातलेच म्हणे," सिस्टर म्हणाली. "बघता का, बरोबर आहे का ते? सोबत हे वजन आलंय, पण आम्हाला कुणाला नीट येत नाही."

स्टीलचं एक किलोचं वजन. त्यानं ते रुमालानं धरलं, उघड्या बोटांनी धरायचं नसतं, आणि आधी खाली वाकून काट्याच्या कडेला असलेला, पातळी दाखवणारा पाण्याचा बुडबुडा पाहिला. किंचित डावीकडे. पायाचा स्क्रू पाव फेरा फिरवला. बुडबुडा मधोमध आला. मग वजन मधे ठेवलं. मग चारही कोपऱ्यांत, एकेक करून, प्रत्येक वेळी हात काढून घेऊन, आकडा थांबेपर्यंत थांबत. एक हजार. एक हजार. एक हजार... पाचही वेळा. त्याच्या हातांना बरं वाटत होतं. आणि मनातून तो वाट बघत होता, की एखाद्या कोपऱ्यात पाचचा तरी फरक यावा. आला नाही. तिला या काट्यावर ठेवली असती तर... असं वाक्य सुरू झालं आणि त्यानं ते अर्ध्यातच सोडून दिलं, कारण दमला होता तो त्या वाक्यालाही.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "टेबल हलवू नका फक्त."

एक पोरसवदा बाई बाळ घेऊन काट्याशी आली. केस कसेतरी बांधलेले, डोळ्यांखाली काळं, कित्येक दिवसांत एका वेळी दोन तास झोप झाली नसावी असा चेहरा. "आज तरी होतील का हो?" ती सिस्टरला म्हणाली. "अडतीस दिवस झाले."

"बघू या. आत्ता पाजलं नाहीस ना?"

"नाही."

सिस्टर वही आणायला वळली. तो पाठमोरा होऊन वजन डबीत ठेवत होता. बायको बाळाजवळ उभी होती. मग बाळाला पारड्यात ठेवलं, ते आक्रसलं, रडलं, आकडा वरखाली झाला आणि थांबला: अठराशे पाच.

"झाले!" सिस्टर म्हणाली. "डॉक्टरांना दाखवते. दुपारी सोडतील बहुतेक."

ती पोर खाली बसली, तिथंच, फरशीवर, आणि ओंजळीत तोंड घालून हसू-रडू लागली. देणगीच्या बाईंचे डोळे पाणावले. "बघा, तुमच्या काट्यावर," त्या त्याला म्हणाल्या, आणि तो मान हलवून काहीतरी बोलला, आणि मग त्याच्या लक्षात आलं, की बायको शेजारी नाही. ती दाराबाहेर गेली होती.

बाहेर बाक होता. ती टोकाला बसली होती, पिशवी मांडीवर घट्ट धरून, चपला न घालताच. तो शेजारी बसला.

"काय झालं?"

"त्या बाळाला पाजलं होतं," ती म्हणाली. "आत्ताच. नुकतंच."

"तुला कसं कळलं?"

"ओठाच्या कडेला दूध होतं. सिस्टर वळली, आणि मी... रुमाल होता हातात. पुसलं मी. त्या पोरीनं माझ्याकडे पाहिलं. काही बोललो नाही आम्ही. का पुसलं मी, अहो?"

बोळातून कुणीतरी चाकांची गाडी ढकलत गेलं, एक चाक चिरचिरत होतं.

"मी पण तेच केलं होतं," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजी संपलीय असं सांगावं तसा. "त्या गुरुवारी. सिस्टरनं सांगितलं होतं, वजन झाल्यावर पाज. मी आधी पाजलं. पोटभर. तोंड पुसलं आणि घेऊन गेले. मला घरी यायचं होतं हो. चौतीस दिवस त्या लोखंडी खाटेवर... माझं अंग सगळं दुखत होतं, मला आपल्या घरात झोपायचं होतं. बाळाचं नव्हतं मनात काही. माझंच होतं."

तो तिच्याकडे बघत होता. बत्तीस वर्षं हिच्या शेजारी झोपलो. मुलगा झाला, मोठा झाला, नोकरीला दूर गेला, आणि रोज रात्री दिवा मालवताना ही त्याच अंधाराकडे तोंड करून... आणि मला वाटायचं, की त्या अंधारात मी एकटाच जागा आहे.

"दुधाचं किती होतं हो?" तिनं विचारलं. "वजन. तुम्हाला कळत असेल. कित्येकदा तोंडावर आलं विचारायला. तेवढ्या बाळाच्या पोटात किती मावतं? दहाच ग्रॅम तर वर होते ना. दहापेक्षा कमी असेल का?"

ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. लोक असेच बघायचे, काटा तपासून झाल्यावर, दुकानदार, त्याची बायको, त्याचा म्हातारा बाप, सगळे एकदम, हा काय सांगतो म्हणून. आठ म्हणावं. आठ म्हटलं तर अठराशे दोन उरतात. आठ हा आकडा त्याच्या जिभेवर आलाही होता, गोल, तयार. आणि हिनं तो निमूट मानला असता, कारण काटेकोर माणसाचा आकडा तो...

"तीस," तो म्हणाला. "तीस-पस्तीस."

तिनं मान खाली घातली. तिनं तो आकडा आत नेला, आणि कुठेतरी तो बसलेला त्याला दिसला.

"पण ऐक," तो म्हणाला. "तो काटा... मी तपासला नव्हता."

"कुठला?"

"तोच. तेव्हाचा. आठ महिने आधी आलो होतो मी. खालचे दोन तपासले. वर आत सोडेनात. तास थांबायला हवं होतं. थांबलो नाही. तीन लिहिले आणि सही केली. आणि मग ती इथं असताना रोज पेटी घेऊन त्या काचेपाशी उभा राहिलो, आणि तरी विचारलं नाही. तेव्हा तुझे ते अठराशे दहा — ते किती होते, मला माहीत नाही. जास्त असतील. कमी असतील. तीस वजा करायचे, पण कशातून करायचे, ते मला माहीत नाही."

सलग एवढं तो कितीतरी दिवसांत बोलला नव्हता. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यात राग होता का, दया होती का, की नुसतं, आपल्या घरातलं एखादं कपाट भिंतीपासून ओढल्यावर मागे निघालेल्या दाराकडे बघावं तसं काही, हे त्याला ठरवता येईना.

"बत्तीस वर्षं," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटायचं, तुम्ही मला विचारत नाही, कारण तुम्हाला कळलंय. तुम्हाला ग्रॅम-ग्रॅम कळतं. म्हटलं, ओळखलं असणार यांनी, आणि मोठ्या मनानं गप्प राहिलेत. मी त्या मोठ्या मनाला भीत होते, अहो."

त्यानं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"थांबा," ती म्हणाली. बाकाची कड धरून उठली, गुडघे वाजले. पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. "आधी त्या पोरीचं. डॉक्टर यायच्या आत सांगायला हवं. मग तुमचं."

"मी येऊ का?"

"नको. ती मला शिव्या देईल. देऊ दे."

अनवाणीच ती आत गेली. हात धुतानाचा पाण्याचा आवाज आला, बराच वेळ, आणि मग काचेच्या दारातून ती त्याला दिसली — पाठमोरी, लहान, केव्हा एवढी लहान झाली ही — त्या पोरीसमोर खाली, फरशीवर बसताना, एक हात टेकून, बेतानं. पोरीचा चेहरा वर झाला. आधी ऐकत होता, मग आवळला. ती काहीतरी जोरात बोलली, काचेतून शब्द आले नाहीत. सिस्टर वळून बघायला लागली. बायकोनं तिच्याकडेही पाहून काही सांगितलं, हातातला रुमाल पुढे धरून, पुरावा दाखवावा तसा, आणि सिस्टरनं कपाळावर हात मारला, वही उघडली, आणि लिहिलेलं एका आडव्या रेघेनं खोडलं. पोर रडत होती. अजून दोन-तीन दिवस. तिच्यासाठी ते कितीतरी लांबचे असणार. बायको उठली नाही. ती तिथंच बसून राहिली, पोरीपासून हातभर अंतरावर, तिला हात न लावता.

'मग तुमचं.' म्हणजे काय? ती येईल आणि म्हणेल... त्यानं अंदाज करून पाहिला. दर वेळी वेगळा येत होता. आपण तिचा भार हलका केला, की तिच्याजवळ त्या मुलीचं म्हणून जे एकच काहीतरी उरलं होतं, ते वाईट, टोचणारं, पण सर्वस्वी तिचं, तेही काढून घेतलं? खरं बोललो ते तिच्यासाठी, की मला अजून एका माणसाला त्या काचेपाशी आणून उभं करायचं होतं? माहीत नाही. हे दोन शब्द त्यानं मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिले. कामावर ते कधी चालले नसते.

देणगीच्या बाई दारातून बाहेर आल्या, त्याच्याजवळ घुटमळल्या. आत काय चाललंय ते त्यांना नीटसं कळलं नव्हतं. "काका, पाणी आणू का? दमलेले दिसताय."

"हो," तो म्हणाला. "फार दमलोय."

बाई पाणी आणायला गेल्या. तो बसून राहिला. आणि त्याला जाणवलं, की ही दमणूक सकाळची नव्हती. सकाळची कुठे दुखते ते सांगता येत नव्हतं, आणि ही सरळ होती, पोटऱ्यांत, कमरेत, खांद्यात, जिना चढून आलेल्या साठीच्या कुणाही माणसाला असते तशी. दोन्ही खांद्यांत सारखी. काचेपलीकडे बायकोनं मान वळवली आणि दाराकडे पाहिलं. तो दिसतोय का तिला, ते उजेडामुळे कळत नव्हतं. त्यानं हात वर केला नाही. नुसता थोडा सरकून बसला, बाकाच्या त्या टोकाला एका माणसापुरती जागा करून, आणि ती येऊन तिथं बसेल की उभ्यानंच 'चला' म्हणेल, याचा अंदाज करणं त्यानं सोडून दिलं.